मेनाफोईची मुलाखत

“कोणी शिकवलं हिला हे? मला एवढंच सांगा, कोणी शिकवलं?” हरगोवनभाईंनी दुधाची रिकामी किटली ओसरीवर आदळली. झाकण गडगडत खाटेखाली गेलं.

“शाळेनं,” त्यांची बायको दक्षा चुलीपुढून म्हणाली. “सगळ्याच मुलांना सांगितलं होतं. घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्या आणि शनिवारच्या बालसभेत सांगा.”

“मग मोठी माणसं मेली होती का घरात? बा नव्हती? मी नव्हतो? त्या सोमाची नात पण बोलली आज. आजोबांनी पहिला ट्रॅक्टर कधी आणला ते सांगितलं, टाळ्या घेतल्या, बसली खाली. मुलाखत म्हणजे असं विचारतात!”

“अरे, पण झालं काय ते तरी सांगशील?” बा, त्यांची आई, खाटेवरून म्हणाली.

“डेरीच्या रांगेत उभा होतो. मागून सोमाभाई विचारतो, ‘काय हरगोवनभाई, बा बऱ्या आहेत ना आता?’ मी सरळ मनानं म्हटलं, बऱ्या आहेत की. तर सगळी रांग हसायला लागली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दूध मापणारा पोरगा, काल मिसरूड फुटलेला, तोसुद्धा!”

बाला लगेच समजलं. तिनं पाय वर घेतले आणि भिंतीकडे सरकून बसली.

सकाळी शाळेत दक्षाच्या हेत्वीनं माईक हातात धरून जे सांगितलं ते पोरांनी घरोघरी नेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कांसारडा गावाला कळलं होतं की हरगोवनभाईंनी आपल्या बहिणीला, मेनाला, सासरहून परत आणलं ते ‘बा आजारी आहे’ असं खोटं सांगून. म्हाताऱ्या माणसांना हे थोडंफार ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आठ वर्षांच्या पोरीनं माईकवर सांगणं वेगळं.

हेत्वी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती. आपलं काय चुकलं ते शोधत होती.

मेनाबेन गोठ्यात दुसऱ्या म्हशीखाली बसली होती. ओसरी आणि गोठा यांच्यामध्ये एक पातळ भिंत. तिला सगळं ऐकू जात होतं आणि बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज एकदाही अडखळला नाही.

“उद्या खोडासणचे पाहुणे यायचेत,” हरगोवनभाई म्हणाले, “आणि आज हा तमाशा. त्यांच्या कानावर गेलं म्हणजे?”

“गेलंच असेल,” मुकेश म्हणाला. हा हरगोवनभाईंचा धाकटा भाऊ. तिशी ओलांडलेला, छकडा रिक्षा चालवणारा. उद्यासाठी शर्टाला इस्त्री करून आणलेली पिशवी अजून त्याच्या हातातच होती. “त्यांचा भाचा आपल्याच डेरीत कामाला आहे. भाभी, तुम्ही तरी बघायचं होतं ना, पोरगी काय बोलणार आहे ते?”

दक्षानं रोटला तव्यावर उलटला. तो एका बाजूनं करपला होता.

आमच्या भागात मुली कमी झाल्यापासून मुलगी हवी असेल तर मुलगी द्यावी लागते. त्याला साटा म्हणतात. खोडासणची माणसं त्यांची सेजल मुकेशला द्यायला तयार होती. बदल्यात त्यांना त्यांच्या सहावीतल्या मुलासाठी हेत्वी हवी होती. आत्ता लग्न नाही, काही नाही. फक्त गोळ-धाणे खायचे, म्हणजे शब्द पक्का. बाकीचं दहा-बारा वर्षांनी. “तोवर कोण कुठे असेल,” असं हरगोवनभाई दक्षाला म्हणाले होते. दक्षा हो म्हणाली नव्हती. नाही असंही म्हणाली नव्हती. आमच्याकडे बाईचं गप्प राहणं हो धरतात, हे तिला चांगलं माहीत होतं.

आणि हेही तिला माहीत होतं की हेत्वीला शिकवलं ते शाळेनं नव्हे, तिनं.

शाळेनं फक्त मुलाखत घ्यायला घरी पाठवलं होतं. हेत्वी पहिल्या दिवशी फोईकडे, म्हणजे आत्याकडे, गेली आणि विचारून आली, “फोई, तुझा आवडता रंग कोणता?”

“आवडता रंग?” मेनाबेन शेण थापत होती. “हाच बघ. रोज हातात असतो.”

“तुला मैत्रिणी आहेत?”

“आहेत. दोन. एक भुरी, एक काळी. काळी लाथ मारते.”

हेत्वी तोंड पाडून आली. “मम्मी, फोई खरं बोलतच नाही.”

दक्षा बारावी शिकलेली आणि अंगणवाडीत मुलांमध्ये दिवस घालवणारी. तिनं पोरीला पुढ्यात बसवलं. “असं बघ. ‘तुला मैत्रिणी आहेत का’ असं विचारलंस की माणूस हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, आणि सुटेल. सुटू द्यायचं नाही. ‘कसं होतं’ असं विचारायचं. ‘मग काय झालं’ असं विचारायचं.”

“आणि ती गप्प बसली तर?”

“तर तूही गप्प बसायचं. तिच्या डोक्यात शोधाशोध चालू असते तेव्हा. आपण बोललो की ती थांबते. आणि तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. हातात काहीतरी काम घ्यायचं. ती जे करत असेल तेच.”

सराव मुकेशकाकांवर झाला. ते अंगणात छकड्याचं चाक खोलून बसले होते.

“काका, तुमचं लग्न ठरायला एवढा वेळ कसा लागला?”

“पोरींना अहमदाबादचा नवरा पाहिजे.”

“मग?”

“मग काय मग? मी अहमदाबादचा आहे का?”

हेत्वी गप्प. शेजारी बसून तिनं एक नट फडक्यानं पुसायला घेतला. मुकेश थोडा वेळ थांबला आणि आपणहूनच बोलायला लागला. एका मुलीनं फोटो बघून नाही म्हटलं होतं, एकीच्या बापानं छकडा बघून. एक हो म्हणाली होती, पण तिच्या भावाला द्यायला आपल्याकडे मुलगी नव्हती. बोलता बोलता त्याचा आवाज बसला आणि मग तो एकदम ओरडला, “भाभी, हिला पोलिसात भरती करा!”

त्या दिवशी सगळे हसले होते. दक्षासुद्धा.

मेनाबेनची मुलाखत झाली ती दुपारी, मागच्या पडवीत. नवं जिरं आलं होतं आणि मेनाबेन सूप घेऊन ते पाखडत होती. हेत्वीनं समोर बसून एक मूठ जिरं ताटात घेतलं आणि खडे वेचायला लागली. दक्षा आत कणीक मळत होती. खिडकी उघडी होती. ती बंद करता आली असती.

“फोई, तू झालोड्याला राहायचीस ते घर कसं होतं?”

सूप थांबलं. झालोड्याचं, तिच्या सासरच्या गावाचं, नाव या घरात कोणी घेत नसे.

“घरासारखं घर. दोन खोल्या. पुढे लिंबाचं झाड.”

“मग?”

“मग काय.” सूप दोनदा हललं. “पाणियारं उंच होतं. पाण्याचे माठ ठेवायचा ओटा. माझा हात पोचायचा नाही. मी पाटावर चढून पाणी काढायची. एकदा पडले. तर तुझ्या फुआनं दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो ओटा फोडला आणि हातभर खाली बांधला. सासू उंच होती. तिला वाकावं लागायचं. कंबर धरून वाकायची, पण बोलली नाही कधी.”

“फुआ कसे होते?” हेत्वीनं फोईच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

मेनाबेन गप्प बसली. हेत्वी खडे वेचत राहिली. एक, दोन, किती तरी. आत दक्षाचे हात परातीत थांबले.

“बोअरवर मोटरी दुरुस्त करायचे,” शेवटी मेनाबेन म्हणाली. “हाताला ग्रीसचा वास. थंडीत परत येताना तुरीच्या दाण्यांचे तिखट टोठे बांधून आणायचे, पाव आणायचे. मी म्हणायची, घरी करते की मी. तर म्हणायचे, तू एक दिवस नुसती खा.” ती जराशी हसली. “फार बोलायचे नाहीत. वीरम नाव.”

“मग तू इथे कशी आलीस?”

“भाईनं आणलं. तुझ्या पप्पांनी.”

“कसं?”

“मी शेतात म्हशीसाठी रजको कापत होते. चुलत सासरे बांधावर आले, म्हणाले, वहू, तुझा भाई आलाय, चल. घरी आले तर भाई मोटरसायकल चालूच ठेवून उभा. म्हणाला, बा आजारी आहे, बस. मी बसले. कणीक मळून झाकून ठेवली होती, ती तशीच. विळा हातातच राहिला. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, तर भाई म्हणाला, राहू दे.”

“मग?”

“मग घरी आले. बा रोटला थापत होती.”

हेत्वीला कळलं नाही. “म्हणजे बरी झाली होती?”

“आजारी नव्हतीच ती.”

मग मेनाबेननं समजावलं, जिरं निवडता निवडता, जशी गोष्ट सांगावी तसं. मेना झालोड्याला दिली होती आणि वीरमची बहीण रमीला इकडे, हरगोवनभाईंना, दक्षाच्या आधी. साटा. रमीला रुसून माहेरी गेली ती आलीच नाही. मग झालोड्यानं निरोप धाडला, आमची परत आली, तुमची घेऊन जा.

“पण तुझं तर फुआंशी भांडण नव्हतं.”

“नव्हतं. पण साटा होता ना.”

“फुआ आता कुठे आहेत?”

“तिथंच. त्यांचा संसार आहे. बायको उंच आहे म्हणतात. पाणियारं परत वर बांधलं असेल.”

“आणि रमीलाबेन का गेली?”

“ते तुझ्या पप्पांना विचार.”

इथे मुलाखत संपायला हवी होती. पण हेत्वीकडे अजून एक प्रश्न होता. तो तिला सकाळी वेणी घालताना मम्मीनं सांगितला होता, आणि विसरू नकोस असंही सांगितलं होतं.

“फोई, साटा ठरला तेव्हा तुला कोणी विचारलं होतं का?”

मेनाबेननं हेत्वीकडे बघितलं नाही. तिनं खिडकीकडे बघितलं. दक्षा मागे सरकली, पण परात हलली आणि आवाज झाला.

“नाही,” मेनाबेन म्हणाली आणि सूप उचललं.

त्यानंतर दोन दिवस दक्षा मेनाबेनच्या समोर जायचं टाळत होती. या घरात तिचं जे काही बरं चाललं होतं ते मेनाबेन परत आली म्हणून चाललं होतं. म्हशी, शेण, चारा, बाची औषधं, सगळं मेनाबेन करायची म्हणून दक्षा साडी नेसून अंगणवाडीत जाऊ शकत होती. हेत्वीला आंघोळ घालून, खाऊ घालून मेनाबेननंच वाढवलं. दक्षानं तिला कधी विचारलं नव्हतं, तू का आलीस. विचारलं असतं तर उत्तर ऐकून गप्प बसता आलं नसतं. आणि आता विचारलं ते पोरीच्या तोंडून, तेही स्वतःच्या कामासाठी. मेनाबेनचं दुःख गावापुढे मांडलं गेलं तर खोडासणची माणसं आपोआप मागे सरतील, नाहीतर हरगोवनभाईंनाच लाज वाटेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही, असं तिनं स्वतःशी शब्दांत म्हटलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी युनिफॉर्मच्या चुण्या नीट करताना तिनं पोरीला असंही सांगितलं नव्हतं की हे शाळेत बोलू नकोस.

“इकडे ये,” हरगोवनभाई आता हेत्वीला म्हणाले. “कोणी सांगितलं तुला हे सगळं विचारायला?”

हेत्वीनं आईकडे बघितलं. दक्षानं मान खाली घातली. पोरगी बापाकडे वळली.

“पप्पा, अजून एक राहिलंय. फोई म्हणाली, ते पप्पांना विचार. रमीलाबेन कशी गेली?”

“हेत्वी!” बा ओरडली.

हरगोवनभाईंचा हात वर गेला. गेला आणि तिथेच राहिला. सगळ्यांनी तो बघितला. त्यांनी तो खाली घेतला, मिशीवरून फिरवला आणि खाटेच्या कडेला टेकले. हेत्वी खाली बसली, खाटेखालून किटलीचं झाकण काढलं आणि फ्रॉकच्या टोकानं पुसायला लागली.

मुकेशच्या हातातली पिशवी वाजत होती.

“गरबा बघायला गेली होती,” हरगोवनभाई म्हणाले. ते जमिनीकडे बघून बोलत होते. “शेजारच्या गावात. मला न विचारता. परत आली तेव्हा मी मारलं. चौकात. लोक होते.”

“मग?”

“मग ती गेली.”

“मग?”

“मग काय. आणायला जा म्हणून सगळे सांगत होते. मी गेलो नाही. मला वाटलं, येईल.” ते थांबले. झाकण पुसून झालं होतं तरी हेत्वी पुसत होती. “नाही आली. मग निरोप आला, तुमची घेऊन जा.”

“पण बा आजारी आहे असं कशाला सांगितलंत?”

“खरं सांगितलं असतं तर मेना आली नसती.”

गोठ्यातला धारांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

“माझं नाव घेऊन आणलंस तिला,” बा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. “ती दारात उभी राहून मला म्हणाली, बा, तू उठलीस कशाला? माझ्या हाताला पीठ होतं. मी म्हटलं, आता बरं वाटतंय गं. तुझं खोटं मी पुढे चालवलं. इतकी वर्षं चालवलं.”

“बा, बस कर,” हरगोवनभाई म्हणाले.

“गप्पच तर बसत आले आजवर.”

मेनाबेन मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. दुधाची बादली तिनं दक्षापुढे ठेवली, वर फडकं टाकलं. दोघींमध्ये तव्यावरचा रोटला होता.

“गाळून घे,” ती म्हणाली.

दक्षानं पातेलं घेतलं. “मेनाबेन, मला माफ—”

“पोरगी छान विचारते गं, भाभी. चांगलं शिकवलंस. कसं, मग काय, कसं, मग काय. मला बोलतं केलं तिनं.” मेनाबेननं करपलेला रोटला तव्यावरून काढून बाजूला ठेवला. “शेवटचा प्रश्न तेवढा तिचा नव्हता. तो हो-नाहीचा होता. तो तुझा.”

दक्षानं फडक्यातून दूध पातेल्यात ओतायला घेतलं.

“तुला नाही म्हणायचंय तर तू म्हण. पोरीच्या तोंडून कशाला वदवतेस? माझ्या तोंडून कशाला?”

“माझं कोण ऐकणार इथे?”

“माझंही कोणी ऐकलं नसतं. पण मी म्हटलंच नाही, भाभी. मोटरसायकलवर बसले आणि आले. इथे आल्यावर कळलं तरी म्हटलं नाही. महिन्याभरानं वीरम गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आले होते. निरोप दिला, येतेस का. मी भाईला विचारलं. भाई म्हणाला नाही, म्हणून मी घरात बसले.” तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. “हे मी हेत्वीला नाही सांगितलं. हे भाईचं पाप नाही. हे माझं आहे.”

आणि ती पुढचा रोटला थापायला बसली. पीठ हातावर घेतलं, गोल केलं, नेहमीसारखं.

दक्षा उभी राहिली. मेनाबेनच्या पाठीकडे बघत क्षणभर तशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं की मेनाबेन रागावेल, रडेल, काहीतरी करेल, म्हणजे आपल्याला तिचे पाय धरता येतील आणि प्रकरण तिथेच मिटेल. तसं काही मेनाबेननं होऊ दिलं नाही.

दक्षा ओसरीवर आली. चुलीच्या धगीनं तिचं तोंड लाल झालं होतं. हेत्वी अजून झाकण घेऊन बापाच्या पायाशी बसली होती. मुकेशनं दक्षाकडे बघितलं आणि त्याला तिच्या चेहऱ्यावरून काय समजायचं ते समजलं.

“भाभी,” तो हळूच म्हणाला, “पुन्हा कोणी येणार नाही आपल्या दारात. तुम्हाला माहितीय. मी काय वाईट केलंय तुमचं?”

“काही नाही केलं,” दक्षा म्हणाली. मुकेशकडे बघणं तिला जमेना, तरी तिनं बघितलं. “तुमचा काही दोष नाही, मुकेशभाई. दोष माझा आहे. मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.”

“काय बोलायला हवं होतं?” हरगोवनभाई म्हणाले.

“पाहुणे उद्या येतील तेव्हा चहा मिळेल, जेवणही मिळेल. मी स्वतः वाढीन. गोळ-धाणे होणार नाहीत. हेत्वी साट्यात जाणार नाही. त्यांना कोणी सांगायचं नसेल तर मी सांगते.”